मामांचा गुडघा आणि माझी झोप

माणसानं सासऱ्याबरोबर शेती करावी, अगदीच हौस असली तर धंदा करावा, पण बॅडमिंटनची डबल्स खेळू नये. एकेरीत सासरा जाळीपलीकडं असतो, मान राखून का होईना, मारता तरी येतं. डबल्सला तो तुमच्या शेजारी उभा असतो. शटल दोघांच्या बरोबर मधोमध आलं, की खेळ राहतो बाजूला आणि नातं उभं राहतं.

“घ्या पाव्हणं,” सासरे म्हणतात.

“न्हाई मामा, तुम्हीच घ्या,” मी म्हणतो.

तोवर शटल खाली पडलेलं असतं आणि पलीकडची जोडी दात काढत असते.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. मामा एसटीत ड्रायव्हर होते. सारी हयात गाडी चालवली, कधी कुणाला खरचटू दिलं नाही. रिटायर झाले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं तेच त्यांना कळेना. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला गिअर सांगायचे. “थर्ड टाक, थर्ड टाक! आरं, इंजिन रडतंय की!” रिक्षावाले घाबरून रस्ता बदलायला लागले. मामींचं डोकं उठलं. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पाव्हणं, तुम्ही सकाळचं कुठं खेळाय जाता म्हनं. ह्यांलाबी न्या की संगं. लई उपकार व्हतील.”

मी पाटबंधारे खात्यात कारकून. धाराशिवात आमचा एक जुना हॉल आहे. दोन कोर्टं, वर पत्रा, पत्र्याखाली पारवे. सकाळी सहाला आम्ही आठ-दहा जण जमतो. एक वकील, एक मेडिकलवाला, एक हाडांचा डॉक्टर आणि बाकी आमच्यासारखे नोकरदार. सगळ्यांची पोटं सुटलेली आणि सगळ्यांना वाटतं, आपला स्मॅश लई भारी आहे. तिथं मी मामांना नेलं. सुरुवातीला ते कडेला बसून बघायचे. मग एक दिवस जोडीला माणूस कमी पडला, कुणीतरी त्यांच्या हातात रॅकेट दिली, आणि संपलं. आठवड्याभरात त्यांनी स्वतःची रॅकेट घेतली, पांढरे बूट घेतले आणि घरी मामींना सर्व्हिसचे नियम समजावून सांगायला लागले.

खेळतात मात्र गाडी चालवल्यासारखेच. मागं सरकायचं असलं की आधी दोन्ही खांद्यांवरून बघणार. घाई नाही, गोंधळ नाही. आणि समोरच्याला साइड देणं तर रक्तातच. त्यात शेजारी जावई. मग काय बोलायचं?

गेल्या वर्षी थंडीत आमच्या शहरात हौशी खेळाडूंची स्पर्धा झाली. त्यात एक गट होता, दोघांचं वय मिळून शंभराच्या पुढं पाहिजे. मामांच्या वयाच्या जोरावर मी त्यात बसलो. पहिल्याच मॅचला आम्ही असे हरलो की पंचालासुद्धा वाईट वाटलं. नंतर टपरीवर चहा पिताना काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोललो, “मामा, थोडी जास्त प्रॅक्टिस पाहिजे होती.” मयताला गेल्यावर माणूस म्हणतो ना, ‘लई चांगला माणूस होता’, तसंच. त्या वाक्यात दुसरा काहीही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दाराची कडी वाजली. बाहेर मामा. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात दोरीवरच्या उड्यांची दोरी.

“चला पाव्हणं,” म्हणाले. “प्रॅक्टिस.”

सासरा दारात उभा असताना ‘मला झोपायचंय’ म्हणणारा जावई आमच्या भागात अजून जन्मायचाय. मी गुमान बूट घातले. तिथून जे सुरू झालं ते वर्षभर. पाचला दोरीवरच्या उड्या, मग हॉलच्या पायऱ्या चढउतार, मग सहापासून खेळ, आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बायपासच्या बाजूनं पळणं. मामांनी मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले. त्यात एक पोरगं शटल नसतानाच कोर्टभर नाचतं. ते आम्ही करायला लागलो. पहाटेच्या अंधारात सासरा-जावई शटल नसताना हवेत रॅकेट मारतायत, हे बघून हॉलचा वॉचमन पहिल्या दिवशी देवाचं नाव घ्यायला लागला होता.

माझी हालत काय सांगू! ऑफिसात दुपारी डोळे असे मिटायचे की एकदा साहेबांनी माझ्या नावानं हाक मारली आणि मी झोपेत “आउट!” म्हणालो. जिना उतरताना मी उलटा उतरायचो, कठड्याला धरून. संडासात गेल्यावर नळाचा आधार घेतल्याशिवाय उठता यायचं नाही, आणि एक दिवस नळच हातात आला. बायको म्हणाली, “बाबांना सांगा की, आता बास म्हणून.” मी म्हणालो, “त्यांची हौस आहे. ह्या वयात माणसाला कशाचा तरी नाद लागलाय, मी कशाला पाणी ओतू?” मामा रोज पाचला हजर. एक दिवस चुकले नाहीत. मग मी कसा चुकणार?

दिवाळीच्या सुमारास मामांचा डावा गुडघा सुजला. क्लच दाबून दाबून आधीच बेजार झालेला गुडघा, त्यात ह्या उड्या. त्यांनी दडवलं, पण बायकोपासून गुडघा किती दिवस दडवणार? मामींनी एका रात्री तेल लावताना बघितलं आणि हुकूम सोडला: “यंदा त्या मॅचला पयल्याच झटक्यात हारून आलात, तर रॅकेट माळ्यावर. मंग बसा अंगणात गिअर सांगत.”

मामा “बरं” म्हणाले. आणि मामांचं ‘बरं’ म्हणजे साधं ‘बरं’ नव्हे. मामींना दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही. तंबाखू अशीच एका ‘बरं’वर सुटली होती.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बसून त्यांनी मला हे सांगितलं. चेहरा एवढासा झालेला. “पाव्हणं,” म्हणाले, “ही रॅकेट गेली तर माझ्याकडं काय ऱ्हातंय, सांगा तुम्ही.” मला एकदम गलबलून आलं. मी म्हणालो, “मामा, आपण जिंकू.” आणि त्यावर मामा म्हणाले, “व्हय. मंग उद्यापासून साडेचार.”

हे असं मार्गशीर्षापर्यंत चाललं. मग ढोकीला घरभरणी आली.

बायकोच्या मावसभावानं घर बांधलं होतं. कारखान्याचा सीझन जोरात, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. मामा गाडीच्या खिडकीतून प्रत्येक ट्रॅक्टरला काही ना काही सांगत होते. पोचलो तर मांडवात पंगत बसलेली. जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या. सासरा-जावई शेजारी शेजारी बसलो, बसताना दोघांच्याही तोंडून “आई गं” निघालं, पण ते गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही. भात, वरण, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. जेवण झालं. पंगत उठली. सगळे उठले.

मला उठता येईना.

पाय मांडी घातल्या जागी दगड झाले होते. मी हळूच मामांकडं बघितलं. मामाही बसलेलेच. मला वाटलं, बरं झालं, मामांना अजून भूक आहे.

“उठा पाव्हणं,” मामा म्हणाले.

“न्हाई मामा, तुम्ही उठा आधी.”

“मला काय घाई न्हाय. तुम्ही उठा.”

“मला पण काय घाई न्हाई.”

तेवढ्यात वाढणारा पोरगा आला. आमच्याकडं पंगतीत बसून राहिलेला माणूस म्हणजे लाजून अर्धपोटी राहिलेला माणूस, एवढंच वाढप्याला कळतं. त्यानं दोघांच्या पत्रावळीवर दणादण भात घातला. नको म्हणायच्या आत वरण. “लाजू नका मामा, आपलंच घर हाय!” जावई दिसल्यावर तर बुंदीचं पातेलंच आणलं. आम्ही खाल्लं. करता काय? इतक्यात आमच्या दोन्ही बाजूंनी दुसरी पंगत येऊन बसली. आम्ही त्या पंगतीलाही जेवलो.

दुसरी पंगत उठली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी खाली मान घालून म्हणालो, “मामा, खरं सांगतो. मला उठता येत न्हाई.”

मामा हळूच म्हणाले, “मलाबी न्हाय येत, पाव्हणं.”

“कधीपासून?”

“श्रावणापासून.”

“मग रोज पहाटे येता कशाला?”

“आवो, तुम्ही येता म्हणून! मला नुसता खेळ पुरं व्हता, ह्या उड्या कुणाला पायजे व्हत्या? तुम्हीच म्हनला व्हता की, प्रॅक्टिस जास्त पायजे. जावयाची एवढी हौस, आन म्या सासरा असून घरी झोपू व्हय?”

“मामा, मी येतो ते तुम्ही दारात येता म्हणून!”

वर्षभर एकमेकांचा मान राखता राखता आम्ही एकमेकांचे गुडघे फोडले होते. मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की विचारू नका. एवढी पहाटेची झोप, एवढी थंडी, कुणाला नको असताना! मामी आणि माझी बायको शोधत आल्या तेव्हा आम्ही तिसऱ्या पंगतीच्या तयारीत बसलेले. मामींनी सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाल्या, “येडे का खुळे वो तुम्ही दोघं?” दोघींनी काखेत हात घालून आम्हाला उठवलं. अख्खा मांडव बघत होता.

सोमवारी हॉलवर हाडांच्या डॉक्टरला गाठलं. त्याला फुकट सल्ल्याचा कंटाळा, पण आमची हकीकत ऐकून तो इतका हसला की मग बिचाऱ्यानं नीट बसून सांगितलं. शरीर कमावलं जातं ते मेहनत करताना नाही, मेहनतीनंतर आराम करताना. तुम्ही नुसतं मोडताय, जोडायला वेळच देत नाही. स्पर्धेपर्यंत एक दिवसाआड खेळा. पायऱ्या, पळणं बंद. आणि आठवड्यातनं दोन दिवस काही करायचं नाही, काही म्हणजे काही.

“मंग त्या दिवशी करायचं काय?” मामांनी विचारलं.

“आराम.”

“ते कळलं. पर आराम म्हंजी नेमकं काय करायचं?”

“पाय वर घेऊन पडायचं, मामा.”

“दिवसाढवळ्या?”

डॉक्टरला वाटलं मामा चेष्टा करतायत. मामा चेष्टा करत नव्हते. त्यांच्या वडलांना दिवसा आडवं झालेलं त्यांनी एकदाच बघितलं होतं, ते गेले तेव्हा.

तरी ठरलं म्हणजे ठरलं. पहिल्या आरामाच्या दिवशी मामांनी ओसरीत बाज टाकली, गुडघ्याखाली उशी घेतली आणि पडले. सात वाजता दूधवाला आला. “काय झालं?” काही नाही, आराम. त्यानं मान हलवली आणि पुढच्या प्रत्येक घरी सांगत गेला. आठला शेजारच्या काकू आल्या. नऊला विहारातले दोघं जय भीम घालत आले आणि खुर्च्या ओढून गंभीर होऊन बसले. “ड्रायव्हरसाहेब, कधीपास्नं हाय हे?” मामा म्हणाले, काय झालं न्हाय मला, डॉक्टरनं आराम सांगितलाय. आता ‘डॉक्टर’ आणि ‘आराम’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणसं काय समजायचं ते समजतात. अकराला तामलवाडीहून मामांचा चुलतभाऊ जीप भरून आला. कुणी मोसंबी आणली, कुणी बिस्किटाचे पुडे, एक म्हातारी तर येताना रस्त्यापासूनच गळा काढत आली. मामींनी चहाची पातेली उतरवून उतरवून हात टेकले. आणि मामा कसले संस्कारी! प्रत्येक पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला उठायचे. संध्याकाळी मला म्हणाले, “पाव्हणं, ह्या आरामापरीस पायऱ्या बऱ्या व्हत्या.”

माझी गत वेगळी नव्हती. मी घरी पाय वर करून पडलो की बायको म्हणायची, “रिकामेच आहात तर तेवढं गव्हाचं दळण आणा.” दळण आणलं की टाकी धुवायची. टाकी धुतली की गॅसची टाकी. मी ओरडलो, “अगं, माझा आरामाचा दिवस आहे!” ती म्हणाली, “मग काय, खेळायला थोडंच सांगतेय?”

दुसऱ्या आठवड्यात मामांनी तोड काढली. म्हणाले, मी तामलवाडीला शेतात जातो, बाभळीखाली निवांत पडतो, तिथं कोण येतंय विचाराय? मला पटलं. संध्याकाळी फोन आला. “लई आराम झाला पाव्हणं.” पण आवाजाला धाप लागलेली. मला शंका आली. चुलतभावाला फोन केला. तो कौतुकानं सांगायला लागला, “तुमचे मामा म्हंजी कमाल! आज तुरीला मळणीचं मशीन आलं व्हतं, गडी कमी, तर मामांनी एकट्यानं पोती ट्रॉलीत टाकली. ह्या वयात!”

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, “मामा, पोती?”

मामांना माझा प्रश्नच कळेना. “ते काम व्हतं पाव्हणं,” म्हणाले. “डॉक्टरनं व्यायाम नगं म्हनलाय.”

त्यांच्या हिशेबी बूट घालून करायचा तो व्यायाम. चपला घालून केलं ते काम, आणि काम माणूस मरेपर्यंत करतोच. आता ह्या माणसाला काय सांगायचं? मी घरी येऊन बायकोवर चिडलो. “तुझ्या वडलांना काही अक्कल आहे का? गुडघा बसला म्हणजे कळेल!” ती शांतपणे भाजी निवडत म्हणाली, “हे त्यांना सांगा की.”

“मी जावई आहे.”

“मग बसा मान सांभाळत,” ती म्हणाली.

मी तसाच बसलो.

स्पर्धेच्या दिवशी मामी पहिल्यांदाच हॉलवर आल्या. इस्त्रीची साडी, हातात एक कापडी पिशवी. ती पिशवी रॅकेट मावेल एवढी लांब होती. मामांनी ती बघितली, मीही बघितली. मामी वर गॅलरीत जाऊन बसल्या. मामांच्या गुडघ्याला पट्टा, तोंडात लवंग. “कसं वाटतंय मामा?” विचारलं तर म्हणाले, “बॅटरी फुल.” खोटं बोलताना मामा नेहमी वर बघतात. तेव्हा ते पारव्यांकडं बघत होते.

पहिल्याच मॅचला समोर दोन सख्खे भाऊ. थोरला रिटायर मास्तर, धाकट्याचं किराणा दुकान. खेळायला काही आमच्यापेक्षा भारी नव्हते. पण त्यांच्यात एक गोष्ट होती, जी आमच्या नशिबात नव्हती. त्यांना एकमेकांना शिव्या देता येत होत्या.

“आरं सोड की गाढवा, माझंय ते!”

“मग मार की! झोपलास का काय?”

असं ओरडत त्यांनी एकही मधलं शटल पडू दिलं नाही. आमच्यात मात्र ‘घ्या पाव्हणं’, ‘तुम्ही घ्या मामा’. पहिला गेम आम्ही नम्रतेनं घालवला. बाजू बदलताना गॅलरीतून मामींचा आवाज आला, अख्ख्या हॉलनं ऐकला: “आवो, लग्नाला बारा वर्सं झाली की आता! किती मान करताव एकमेकांचा?”

हॉल खदखदून हसला. मी लाजेनं लाल झालो, पण दुसऱ्या गेमला काहीतरी मोकळं झालं. मी मधलं शटल न विचारता घेतलं. मामांनीही एकदा माझ्या पुढ्यातनं घेतलं आणि लगेच “माफ करा” म्हणाले. दुसरा गेम आम्ही जिंकला. खुर्चीवर पंच म्हणून आमचा मेडिकलवालाच बसला होता, तोही विसरून टाळ्या वाजवायला लागला.

तिसऱ्या गेममध्ये आम्ही पुढं गेलो. पुढं म्हणजे चांगलेच. मामांचे डोळे चमकत होते. थोडेसेच पॉइंट राहिलेले. तेव्हा धाकट्या भावानं शटल जाळीलगत अलगद टाकलं आणि मामा त्याच्यावर झेपावले. शटल निघालं. मामा उठताना मात्र त्यांचा डावा पाय सरळ झालाच नाही.

“काय न्हाय,” मामा म्हणाले. “चला, चला.”

पुढचा पॉइंट त्यांनी एका पायावर खेळला. आम्ही तो जिंकलो. हॉल ओरडत होता. मामा सर्व्हिसला उभे राहिले आणि मी त्यांच्या मागं. मागून मला काय दिसत होतं ते हॉलला दिसत नव्हतं. मांडी थरथर कापत होती. डावा हात त्यांनी शटल धरायच्या आधी गुडघ्यावर दाबून धरला. मानेवरनं घामाची धार. त्यांना आणखी चार उड्या मारायला लावल्या तर हा पाय परत नीट होणार नाही, एवढं मला कळत होतं. आणि थांबलो तर रॅकेट माळ्यावर, हेही कळत होतं. मला मामांचं ते पायऱ्यांवरचं वाक्य आठवलं.

मी हात वर केला. “आम्ही सोडतोय,” पंचाला म्हणालो.

“पाव्हणं!” मामा गरकन वळले. वळताना पुन्हा लचकले. “काय बोलताय? चार पॉइंट ऱ्हायलेत! तुम्हाला कुनी इचारलं?”

“उभं राहता येईना तुम्हाला!” मी ओरडलो. बारा वर्षांत मी सासऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता. तो एकदम सगळाच्या सगळा बाहेर आला. “पाय मोडून घ्यायचाय का? बास म्हणजे बास!”

वर पारवेसुद्धा घुमायचे थांबले असतील. ते दोघं भाऊ तोंड उघडं टाकून आमच्याकडं बघत होते. आयुष्यभर एकमेकांना गाढव म्हणणारी माणसं, पण जावयानं सासऱ्याला असं बोललेलं त्यांनीही ऐकलं नसावं.

मामा लंगडत कोर्टाबाहेर गेले आणि पायरीवर बसले. डॉक्टरनं गुडघा चाचपला, बर्फ धरला. म्हणाला, वेळेवर थांबलात, नाहीतर अवघड होतं. मामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्याकडं बघत नव्हते. मी रॅकेट हातात घेऊन बाजूला उभा, आणि मला वाटलं, संपलं. ह्या माणसाकडं एकच गोष्ट उरली होती, ती मी त्याच्या हातून काढून घेतली.

मामी गॅलरीतून उतरून आल्या. मामांनी न सांगता रॅकेट पुढं केली.

“घे,” म्हणाले. “ठरल्यापरमानं.”

मामींनी हात पुढं केला नाही. “ही कशाला?”

“हारलो की.”

“तुम्ही कुठं हारला?” मामी म्हणाल्या. “म्या वरून सगळं बघत व्हते. हात कुनी वर केला? पाव्हण्यांनी. तुम्ही तर खेळाय उभेच व्हता. मंग हारले कोण? पाव्हणं हारले.” आणि माझ्याकडं वळून, “आना ती रॅकेट हिकडं. माळ्यावर टाकते.”

माझ्या हातातनं त्यांनी रॅकेट काढून घेतली आणि खरंच पिशवीत घातली. भोवती जमलेले सगळे हसायला लागले. मीही हसलो. मामींनी नवऱ्याचा शब्दही मोडू दिला नव्हता आणि रॅकेटही वाचवली होती, मधल्या मध्ये जावई कापला होता. चालायचंच. माझ्या मनात आलंसुद्धा, की चला, उद्यापासून पहाटे झोपता येईल.

मामा हसले नाहीत. ते त्या पिशवीकडं बघत होते.

“मंग म्या कुणासंगं खेळू?” त्यांनी विचारलं.

“कुणासंगं म्हंजी? वकील हायेत, मेडिकलवालं हायेत.”

“ते न्हाय,” मामा म्हणाले. मग मान वर करून त्यांनी मॅच सुटल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “मला हेच लागतेत.”

मी तसाच त्यांच्यापुढं खाली बसलो. बसताना माझेही गुडघे कुरकुरले. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागलो, कारण पाय सुजत चालला होता आणि माझे डोळे भरून आले होते.

मामा दचकून पाय मागं घ्यायला लागले. “आवो पाव्हणं, काय करताव? बुटाला हात नका लावू.”

“गप बसा मामा,” मी म्हणालो, आणि बूट काढला.